कॅमेरा कुठं उभा आहे?

एक माणूस रानात हातापायांवर रांगतो आहे. तो वाघ झाला आहे. झाडाच्या बुंध्याला बांधलेल्या छोट्या पेटीसमोरून वाघाच्या उंचीनं, वाघाच्या चालीनं तो जाऊन दाखवतो. पेटीतला कॅमेरा नीट लागला की नाही, हे खऱ्या वाघाला विचारायची सोय नसते. अमित मसुरकर यांच्या 'शेरनी' या चित्रपटाची ही सुरुवात. शहरातल्या प्रेक्षकाला हा विनोद वाटतो. नागझिऱ्याच्या आसपास वावरलेल्या माणसाला त्यात रोजचं काम दिसतं. कॅमेरा ट्रॅप लावल्यावर वनरक्षक खरंच असं रांगून बघतात. पेटी किती उंचीवर बांधायची, कुठल्या वाटेकडे तोंड करून बांधायची, याचा हिशेब शेवटी माणसाच्या गुडघ्यांनाच करावा लागतो.

'शेरनी'चं चित्रीकरण २०२०च्या मार्चमध्ये सुरू झालं, टाळेबंदीत बंद पडलं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बालाघाटच्या जंगलात पुन्हा सुरू झालं. त्या वेळी युनिटचा मुक्काम आमच्या गोंदियात होता. बालाघाट मध्य प्रदेशात आणि गोंदिया महाराष्ट्रात, पण मधलं अंतर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचं. वाघनदी ओलांडताना राज्य बदललं हे पाटी वाचली तरच कळतं. चित्रपटाची नायिका विद्या बालन गोंदियात राहते आहे, ही बातमी तेव्हा पसरली. गावात चर्चा अर्थातच तिची. कॅमेरा राकेश हरिदास यांच्या हाती होता, त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. छायालेखकाच्या नशिबात हे असंच असतं. सगळा सिनेमा त्याच्या डोळ्यांनी बघायचा आणि घरी जाताना नट-नट्यांबद्दल बोलत जायचं.

हा लेख त्या न घेतल्या जाणाऱ्या नावांविषयी आहे. खरं तर एका नावाविषयी, पण तिथं पोचायला थोडं रान तुडवावं लागेल.

आमच्या मुलखाला झाडी म्हणतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग मिळून झाडीपट्टी. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधी सगळं एकच होतं आणि बोलीत, नात्यागोत्यात अजूनही एकच आहे. झाडीचा अर्थ नुसता झाडांची दाटी एवढाच नाही. झाडी म्हणजे नजर अडते तो प्रदेश. देशावरच्या माणसाला क्षितिज फुकट मिळतं. माळावर उभं राहिलं की दहा कोस दिसतात. आमच्याकडे समोर धानाची बांधी, बांधीच्या धुऱ्यावर झाडं, पलीकडे बोडी किंवा मामा (माजी मालगुजारी) तलाव, तलावाच्या पाळीवर पुन्हा झाडं, आणि त्यामागं रान. नजर टप्प्याटप्प्यानं जाते, थांबते, वळसा घेते. इथं वाढलेल्या माणसाला लांबचं बघायची सवय नसते. पानांच्या फटीतून बघायची असते.

कॅमेऱ्याला मात्र ही सवय नसते. ऐन, धावडा, बिजा, साग आणि बांबूच्या खाली दुपारी उभं राहिलं की जमिनीवर कवडसे पडलेले असतात. त्या एका शब्दात छायालेखकाची अख्खी डोकेदुखी आहे. माणसाचा डोळा हुशार. तो सावलीत बघताना बाहुली मोठी करतो, उन्हात बघताना लहान, आणि आपल्याला दोन्ही सारखंच दिसल्याचा भास होतो. कॅमेऱ्याला एका वेळी एकच निवड करता येते. कवडसा नीट दिसावा म्हटलं तर सावलीतला चेहरा काळाठिक्कर पडतो. चेहरा उजळावा म्हटलं तर कवडसा पांढरा होऊन जळतो. मग लाइटमन थर्माकोलचे पांढरे तक्ते धरून चेहऱ्यावर उजेड परतवतात, वरून कापड ताणून ऊन मवाळ करतात. तेवढं करेपर्यंत सूर्य सरकतो आणि कवडसा नटाच्या नाकावरून खांद्यावर जातो. पुढचा शॉट आधीच्या शॉटला जुळत नाही. रानात चित्रीकरण म्हणजे हा सूर्याशी चाललेला पाठशिवणीचा खेळ.

व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यावर पुस्तक लिहिलं, मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधला नोकरीची वर्षं काढून पाखरं आणि झाडं मराठीत आणली. दोघांकडेही शब्द होते. शब्दाला एक्स्पोजर लागत नाही. कवडसा म्हटलं की ऊन आणि सावली दोन्ही एकदम येतात. 'शेरनी'त राकेश हरिदासांनी काय केलं, तर रान सुंदर दाखवायचा मोह टाळला. हिरव्यागार, सोनेरी, पोस्टरवर छापावं अशा रानाऐवजी थोडं फिकं, धुळकट, कामाचं रान दाखवलं. जीपच्या काचेतून, कार्यालयाच्या खिडकीतून, टॉर्चच्या झोतात दिसणारं. वाघीण तर फारशी दिसतच नाही. पायाचे ठसे दिसतात, ट्रॅपमधले फोटो दिसतात, तिच्याविषयी बोलणारी माणसं भरपूर दिसतात. एक मोठी उघडी खाण वाघिणीचा रस्ता अडवते तेव्हा पडदा पहिल्यांदा रुंद होतो, पण ते क्षितिज माणसानं खोदलेलं असतं. (बालाघाट जिल्ह्यातच मलाजखंडची तांब्याची खाण आहे. ज्यांनी ती पाहिली, त्यांना वेगळं सांगायला नको.) आणि शेवटी वनाधिकारी नायिकेची बदली होते ती भुसा भरलेल्या प्राण्यांच्या संग्रहालयात. तिथं सगळे प्राणी स्वच्छ, स्थिर, उत्तम उजेडात दिसतात. बघायला मिळावेत तसे. सगळे मेलेले.

यवतमाळमधल्या पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री गोळी घातली गेली, त्या घटनेची सावली या चित्रपटावर आहे. पण मला तो पाहताना सारखा आठवत होता आमचा 'जय'. नागझिऱ्यात जन्मलेला हा वाघ २०१३ साली रान सोडून निघाला, शेतं, गावं, रस्ते, नदी ओलांडत उमरेड-कऱ्हांडल्याला पोचला, देशभर गाजला आणि २०१६च्या एप्रिलनंतर कुणालाच दिसला नाही. त्याच्या अंगावरचे पट्टे जुन्या फोटोंशी जुळवूनच त्याची ओळख पटली होती. वाघाचे पट्टे म्हणजे आपल्या अंगठ्याचे ठसे. त्यातही डाव्या कुशीचे वेगळे, उजव्या कुशीचे वेगळे. म्हणून ट्रॅप लावताना वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. २०१८च्या व्याघ्रगणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लागले आणि ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो निघाले. त्यांतले वाघाचे किती? ७६,६५१. उरलेल्यांत बिबटे, हरणं, रानडुकरं, गुरं, गुराखी, आणि वाऱ्यानं हललेलं गवत. एवढी रिळं फुकट घालवणारा छायालेखक कुठल्याच निर्मात्यानं ठेवला नसता.

जय हे नाव 'शोले'तल्या जयवरून पडलेलं. त्याच्या भावाचं नाव वीरू. 'शोले'तलं ते दृश्य आठवा: ठाकूरच्या वाड्याच्या ओसरीवर जय माउथऑर्गन वाजवतो आणि वर राधा एकेक दिवा मालवत जाते. सूर्य बुडाल्यावर आणि काळोख पडण्याआधी जो थोडा निळसर उजेड उरतो, त्यातच ते हवं होतं. रोज काही मिनिटंच मिळत. म्हणून छायालेखक द्वारका दिवेचा यांनी ते छोटंसं दृश्य कित्येक दिवस लावून पुरं केलं. सिनेमावाले त्या वेळेला मॅजिक अवर म्हणतात. आमच्याकडे तिला दिवेलागण म्हणतात, आणि वाघही नेमका त्याच वेळी उठून चालू लागतो. ज्यानं त्या वाघाचं नाव जय ठेवलं, त्याच्या मनात हे सगळं होतं असं मी म्हणत नाही. पण नाव अगदी नेमकं पडलं.

आता ज्यांच्यासाठी एवढं रान तुडवलं त्या नावाकडे. सुधाकर रेड्डी यक्कंटी.

आंध्रातल्या गुंटूरकडचा हा माणूस. मातृभाषा तेलुगू. आधी चित्रकलेचं शिक्षण, मग पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट. आणि नंतर मराठी सिनेमा गेल्या पंधरा वर्षांत आपल्याला ज्या नजरेनं दिसला, तिचा बराचसा वाटा या माणसाचा. 'देऊळ' (२०११), 'हायवे' (२०१५), 'सैराट' (२०१६), 'नाळ' (२०१८), 'झुंड' (२०२२), 'नाळ भाग २' (२०२३). यांतल्या दोन 'नाळ'चं दिग्दर्शनही त्यांचंच. यादी वाचली की एक गोष्ट लगेच लक्षात येते: हा माणूस फार चित्रपट करत नाही. दुसरी गोष्ट सावकाश लक्षात येते. यांतला प्रत्येक चित्रपट एका विशिष्ट जागेचा आहे, आणि ती जागा पडद्यावर नुसती मागं टांगलेली नाही.

मराठी सिनेमाला हे नवं नाही म्हणा. कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि दामल्यांनी विलायती कॅमेऱ्याची वाट न बघता स्वतःच कॅमेरा घडवला, आणि 'प्रभात'च्या व्ही. अवधूत यांनी १९३६च्या 'संत तुकाराम'मध्ये चमत्कारही असे टिपले की ते देहूतल्या रोजच्या उजेडातच घडल्यासारखे वाटले. पण मधल्या काळात आपल्या पडद्यावर कॅमेरा म्हणजे संवाद टिपायचं यंत्र झालं होतं. नाटक उत्तम, उजेड सपाट. गाव म्हटलं की विहीर, पार आणि पाटलाचा वाडा. ते सांगलीतलं की भंडाऱ्यातलं, हे बोलीवरून ओळखायचं, आणि बोलीही बहुतेक वेळा एकच. असो. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि त्यानं बऱ्याच लोकांशी भांडण होईल.

उमेश कुलकर्णींच्या 'देऊळ'मध्ये गुराखी केशाला गाय शोधता शोधता उंबराच्या झाडाखाली दत्त दिसतो. सुरुवातीचा तो माळ आठवून बघा. उघडं टेकाड, एकटं झाड, एकटा माणूस. चौकटीत भरपूर मोकळी जागा. मग देऊळ बांधलं जातं आणि चौकट भरत जाते: दुकानं, फलक, कर्णे, रांगा, माणसं, माणसं. शेवटाकडे केशाला उभं राहायला चौकटीत जागा उरत नाही. गावानं देव मिळवला आणि रिकामी जागा गमावली, हे कुणी बोलून दाखवण्याआधी डोळ्यांना कळलेलं असतं. राष्ट्रीय पुरस्कारात 'देऊळ' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला तेव्हा लेखनाचं, अभिनयाचं कौतुक झालं. ते रास्तच होतं. पण ती चौकट भरत नेण्याची युक्ती लेखणीची नव्हती.

'हायवे'त उलटा पेच. मुंबई-पुणे रस्त्यावरच्या गाड्या आणि गाड्यांमधली माणसं. गाडीच्या आत कॅमेरा ठेवायला जागा नाही, दिव्यांना तर नाहीच, बाहेरचा उजेड क्षणाक्षणाला बदलणारा, बोगद्यात शिरलं की काळोख. तो चित्रपट मला फारसा भावला नाही हे सांगून टाकतो. पण एवढ्याशा जागेत इतकी वेगवेगळी माणसं वेगवेगळी एकटी दिसतात, हे काम साधं नव्हे.

मग 'सैराट'. त्याच्याबद्दल इतकं लिहून झालं आहे की पुन्हा लिहायला धीर लागतो. तरीही एकच गोष्ट. पूर्वार्ध करमाळ्याकडचा: खोल पायऱ्यांची विहीर, उजनीचं पसरलेलं पाणी, पाण्यातली वठलेली झाडं, उसातून जाणारी वाट, आकाश. कॅमेरा हवेत उठतो, झोपाळ्यासारखा येतो-जातो. प्रेमात पडलेल्या माणसाला गाव जसं दिसतं तसं ते दिसतं. म्हणजे खोटंच, पण अगदी खरं. उत्तरार्धात आर्ची आणि परश्या हैदराबादला पळतात आणि आकाश संपतं. पत्र्याची खोली, अरुंद बोळ, हातात धरलेला अस्थिर कॅमेरा. अनेकांना उत्तरार्ध कंटाळवाणा वाटला. गाणी कुठं गेली असं विचारणारे मी गोंदियाच्या टॉकीजबाहेर ऐकले आहेत. मला त्यात वेगळंच दिसतं. हैदराबादेत त्या दोघांना भाषा येत नाही. आजूबाजूला तेलुगू. पडद्यावर ती दोघं परकी, आणि कॅमेऱ्यामागचा माणूस मात्र तिथंच घरचा. इतकी वर्षं तो आपल्या भाषेत पाहुणा होता; आता त्यानं आपल्या दोन मुलांना स्वतःच्या भाषेत नेऊन परकं केलं. हे ठरवून झालं असेल की नसेल. पण त्या भागात कॅमेऱ्याला जी एक समजूतदार घाई आहे, ती परक्या गावात दिवस काढलेल्या माणसाला ओळखू येते.

आणि शेवट. त्या दोघांचं बाळ रक्तातून चालत जातं, आवाज बंद. पडद्यावर उरतात ती पावलं. कॅमेरा त्या मुलाच्या चेहऱ्यावर रेंगाळत नाही. एवढं मोठं क्रौर्य मोजायला त्यानं बोटभर पावलांचे ठसे पुरेसे मानले.

या पावलांपासून 'नाळ'पर्यंतचा रस्ता मला सरळ वाटतो. 'नाळ' १६ नोव्हेंबर २०१८ला आला, म्हणजे अवनीला मारल्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी. कथा, पटकथा, दिग्दर्शन, छायालेखन सगळं सुधाकर रेड्डींचं. संवाद नागराज मंजुळेंचे. नदीकाठचं वैदर्भी गाव, आठेक वर्षांचा चैत्या, त्याची आई, बाप, आजी. पाहुणा आलेला मामा बोलता बोलता सांगून जातो की ही तुझी खरी आई नव्हे. त्यानंतर चित्रपटात मोठं असं काही घडतच नाही. मुलगा बघू लागतो, एवढंच. आधी तो आईकडे बघत नव्हता, कारण आईकडे कुणी मुद्दाम बघत नाही, ती असतेच. आता तो बघतो. ती मारते का, लाड करते का, ताटात काय वाढते, आजारी पडल्यावर धावते का. गोठ्यातलं जनावर आपल्या पिल्लाला चाटतं, तेही तो बघतो. सगळा सिनेमा म्हणजे एका पोराचं चोरून बघणं.

आणि इथं कॅमेरा कुठं उभा आहे? चैत्याच्या उंचीवर. नदीच्या वाळूत तो पळतो तेव्हा कॅमेरा वाळूजवळ. घरात मोठ्यांचं बोलणं चाललं असतं तेव्हा आपल्याला दाराची चौकट, लुगड्याचा काठ, चुलीपुढचा हात दिसतो. मोठ्यांचे चेहरे वर असतात, मान वर केली तरच दिसणारे. लहान मुलांवरच्या पुष्कळ चित्रपटांत कॅमेरा मोठ्या माणसाच्या उंचीवरून मुलाकडे वाकून बघतो आणि 'अगं बाई, किती गोड' म्हणतो. 'नाळ'मध्ये तो वाकत नाही, मांडी घालून खालीच बसतो. ऐकायला सोपं आहे, करून बघा. सेटवरचे सगळे उभे असतात. दिवे, स्टँड, ट्रॉली, मॉनिटर, सगळी यंत्रणा उभ्या माणसासाठी बनलेली असते. कॅमेरा खाली नेला की जमीन जास्त दिसू लागते, छत दिसू लागतं, आतापर्यंत वर लपवलेले दिवे चौकटीत येतात. मग उजेड दारातून, खिडकीतून, कौलाच्या फटीतून आणावा लागतो. म्हणजे खेड्यातल्या घरात तो खरा जसा येतो तसा.

'नाळ'मधली बोली ही आमची झाडीबोली नव्हे. झाडीबोलीत 'ण' आणि 'ळ' नाहीत. आमच्या म्हाताऱ्या 'डोळा'ला 'डोरा' म्हणतात आणि 'नाळ' हे नावच त्यांच्या तोंडी वेगळं होईल. चैत्याची बोली थोडी पश्चिमेकडची, वऱ्हाडी वळणाची. तरी हाक मारताना लागणारं ते 'व', ते 'काहून', नदीची वाळू, दुपारचं पांढरं ऊन हे आपलंच आहे असं आमच्याकडे वाटलं. पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी लिहिलं की गाव किती सुंदर टिपलं आहे. मला ते पूर्ण पटत नाही. गाव सुंदर म्हणून टिपलेलं नाही. आठ वर्षांच्या मुलाला आपलं गाव सुंदर आहे हे माहीत नसतं. त्याला ते मोठं वाटतं. नदी मोठी, घर मोठं, दुपार तर संपता न संपणारी. तो मोठेपणा पडद्यावर आला. सौंदर्य आपल्याला आयतंच मिळालं.

या चित्रपटासाठी सुधाकर रेड्डींना पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा इंदिरा गांधी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि चैत्या झालेल्या श्रीनिवास पोकळेला बालकलाकाराचा. पाच वर्षांनी आलेला 'नाळ भाग २' सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला. त्यातल्या श्रीनिवास, त्रिशा ठोसर आणि भार्गव जगताप या तिघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. छायालेखकाला मुलांकडून अभिनय काढता येतो याचं काहींना नवल वाटलं. मला वाटलं नाही. ज्याला खाली बसता येतं, त्याच्याशी मुलं बोलतात.

दोन 'नाळ'च्या मध्ये 'झुंड' आहे. नागपूर, झोपडपट्टीतली पोरं, फुटबॉल, विजय बारसे आणि त्यांच्या भूमिकेत अमिताभ बच्चन. म्हणजे वाघाला ज्याचं नाव मिळालं तो जयच. पावसात पोरं प्लास्टिकचा डबा लाथाडत खेळतात तिथून गोष्ट सुरू होते. एवढा मोठा नट चौकटीत असताना कॅमेरा त्याच्याकडेच धावणार, हा हिंदी सिनेमाचा धर्म. इथं कॅमेरा बराच वेळ पोरांत रमलेला असतो आणि अमिताभ बाजूला उभा राहून त्यांच्याकडे बघत असतो. अर्ध्यावर एक वाट फुटते: गोंड समाजातली मोनिका आणि तिचा बाप पासपोर्टसाठी लागणाऱ्या कागदांसाठी या दारातून त्या दारात हिंडतात. इतर कुणी संपादनात ही वाट कापून टाकली असती. आमच्या देवरी-सालेकशाकडच्या माणसाला मात्र ती दोघं लगेच ओळखू येतात. कचारगडच्या गुहांकडे माघी पौर्णिमेला दूरदूरच्या राज्यांतून गोंड समाज लोटतो, तिथं असे कितीतरी बापलेक दिसतात. फरक इतकाच की तिथं त्यांना कुणी कागद मागत नाही.

'झुंड' संपतो तो एका भिंतीवर. भिंत ओलांडायला मनाई असल्याची सूचना, आणि वरून जाणारं विमान. ही चौकट थोडी जास्तच बोलकी आहे असं मला वाटतं. 'सैराट'च्या पावलांपुढं ती भाषणासारखी वाटते. पण विमान दिसतं ते वस्तीतल्या माणसाला दिसेल तसं, खालून, मान वर करून. उंची सोडलेली नाही.

देवरी-सालेकशावरून आणखी एक चित्रपट आठवला. मसुरकरांचाच 'न्यूटन', २०१७चा. छायालेखक स्वप्नील सोनावणे. दंडकारण्यातलं मतदान केंद्र, ७६ मतदार, एक दिवस. तो चित्रित झाला छत्तीसगडच्या दल्लीराजहराकडे. आमच्या पूर्वेच्या सीमेपलीकडचंच रान. त्यात दिवस हेच घड्याळ आहे. सकाळचं कोवळं ऊन, दुपारचं आंधळं करणारं ऊन, मग कललेलं. शेवटाकडे मतदान अधिकारी न्यूटन बंदूक रोखून उभा राहतो ते तीन वाजेपर्यंत, कारण मतदानाची वेळ तीनपर्यंत आहे. अर्जुनी-मोरगाव आणि आमगाव मतदारसंघांत मतदान दुपारी तीनलाच थांबतं. राज्यात बहुतेक ठिकाणी लोक संध्याकाळी सहापर्यंत रांगेत असतात, इथं तीनला पेट्या बांधतात. काळोखाच्या आधी परत पोचायचं असतं. म्हणून 'न्यूटन'मधलं ते घड्याळ आमच्या प्रेक्षकाला गंमत वाटत नाही. उजेडाची किंमत काय असते, ते छायालेखकाइतकंच निवडणूक कर्मचाऱ्यालाही माहीत असतं.

दिवाळी अंकात लिहितो आहे तर मंडईबद्दल लिहायलाच हवं. भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. धान कापून पुंजणे लागलेले असतात, बांधी रिकामी असते. दुपारी दंडार, खेळणी, जिलेबी, रात्री नाटक. झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम इथून जो सुरू होतो, तो होळीच्या सुमाराला ओसरतो. वडसा हे तिचं गाव. तिथल्या मंडळांच्या गाड्या रोज नव्या गावाला निघतात. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना कळलं की इथं हजारो माणसं थंडीत तणसावर बसून पहाटेपर्यंत तिकीट काढून नाटक बघतात. नाटकाला क्लोज-अप नसतो. मागच्या रांगेतल्या म्हातारीला नटाचे डोळे दिसत नाहीत. मग दिव्यावर बसलेला माणूस ती उणीव भरतो: आईच्या विलापाला निळा, खलनायकाला लाल, आणि मरणाच्या वेळी सगळं घालवून एकच पिवळा. शहरी रसिकाला हे भडक वाटतं. मला तो मागच्या रांगेशी दाखवलेला आदर वाटतो. प्रेक्षक कुठं बसला आहे हे ठाऊक असलेल्या माणसाचा तो उजेड आहे.

मी लहानपणी पाहिलेली पहिली दोन-तीन नाटकं मात्र यातल्या कुठल्याच रांगेतून पाहिलेली नाहीत. तिकिटाला पैसे नसत. मंडपाच्या कनातीखाली बोटं घालून कापड वीतभर उचलायचं आणि पोटावर पडून आत बघायचं. तिथून रंगमंचाच्या कडेची फट दिसे आणि फटीतून फक्त पाय. पैंजण आले की नायिका. बूट आले की इन्स्पेक्टर किंवा सावकार. अनवाणी, फुटक्या टाचा आल्या की बाप. गोष्ट सगळी कळायची. चेहरे मी घरी आल्यावर झोपेत बसवत असे.

गेल्या हंगामात अर्जुनीकडच्या एका गावात नाटकाला गेलो होतो. मध्यरात्र उलटून गेल्यावर पाय आखडले म्हणून बाहेर आलो. चहाच्या टपरीवर शेकोटी होती, मागं जनरेटर घुरघुरत होता, बांधीवर दव पडलं होतं. मंडपाला वळसा घालून चाललो होतो तेव्हा कनातीच्या कडेला चार तळपाय दिसले. दोन पोरं पोटावर पडून, डोकी आत, पाय बाहेर. आतून लाल उजेड त्यांच्या केसांवरून बाहेर सांडत होता. एकाला माझी चाहूल लागली. त्यानं मान काढून पाहिलं, मी व्यवस्थापक नव्हे हे ताडलं आणि काही न बोलता सरकून शेजारी जागा केली.

गवत ओलं होतं. मी शाल अंथरली आणि कापड वीतभर उचललं. बूट आले होते.